इंजिन उघडायचं की नाही: ३ लाख ३८ हजार किलोमीटर चाललेल्या ई-क्लासचं प्रकरण

गाडी मर्सिडीज ई २२० सीडीआय, डब्ल्यू २११ पिढीतली. नोंदणी नोव्हेंबर २००८ची, एमएच १२ पासिंग, पहिल्यापासून एकच घर. मीटरवर ३ लाख ३८ हजार. तक्रारी तीन: ऑइल पिते, सकाळी स्टार्ट केली की निळा धूर सोडते, आणि खंबाटकी चढताना पूर्वीसारखा पिकअप राहिलेला नाही. ॲव्हरेज तेरावरून अकरावर आलेला. माझ्याकडे येण्याआधी दोन गॅरेजनी इंजिन गेल्याचं सांगून टाकलं होतं. एकाने फुल इंजिन कामाचे सव्वातीन लाख सांगितले, दुसऱ्याने जुनं इंजिन आणून बसवायचे दोन लाख.

मालक सासवडकडचे, रस्त्यांची कामं घेणारे कंत्राटदार. गाडी त्यांच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, नवी घेतलेली. घरात तीन मतं होती. मुलगा म्हणत होता, विका आणि आठ लाखांत दुसरी एखादी सेकंडहँड सेडान घ्या. मालक म्हणत होते, इंजिन एकदाचं बांधून घेऊ म्हणजे डोक्याचा ताप जाईल. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे अण्णा गॅरेजमध्ये सोबत आले होते, ते एवढंच म्हणाले, "मिस्त्री, या गाडीतून उतरताना माझा गुडघा बोलत नाही. बाकीच्या सगळ्या गाड्यांत बोलतो." हे वाक्य मी हिशेबात धरलं. गाडी कशासाठी ठेवायची आहे हे कळल्याशिवाय तिच्यावर किती खर्च करायचा हे ठरत नाही.

हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण असं, की जुन्या भारी गाड्यांच्या बाबतीत इंजिन न मोजताच ते उघडायचा निर्णय होताना मी सतत बघतो. एकदा सिलिंडरांच्या वर बसणारं हेड उतरलं की मागे फिरता येत नाही, आणि खर्चाची यादी रोज एका ओळीने वाढते.

इंजिन कोणतं, आणि प्रश्न कोणता

या गाडीत ओएम ६४६ हे डिझेल इंजिन आहे. चार सिलिंडर, २१४८ सीसी, बोअर (सिलिंडरच्या आतली रुंदी) ८८ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ८८.३ मिमी. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं, टायमिंगला चेन. २००६च्या फेसलिफ्टनंतर ताकद १७० अश्वशक्ती आणि टॉर्क ४०० न्यूटन मीटर झाला. त्याच फेसलिफ्टमध्ये आधीच्या गाड्यांतली एसबीसी ही इलेक्ट्रॉनिक ब्रेक यंत्रणा काढून साधी हायड्रॉलिक आणली, आणि जुनी डब्ल्यू २११ ठेवायची की नाही हे ठरवताना या गोष्टीला फार वजन आहे. हेच इंजिन स्प्रिंटर आणि व्हीटो या व्हॅनमध्येही चाललं. याच घराण्यातल्या आधीच्या ओएम ६११ इंजिनाचं तंत्र परवान्यावर घेऊन फोर्स मोटर्सने २०११मध्ये फोर्स वनचं इंजिन केलं, त्यामुळे भोसरीच्या लेथवाल्यांना ही जात परकी नाही.

जर्मनीत हे मॉडेल टॅक्सी म्हणून चालायचं. तिथे या इंजिनांनी पाच लाख किलोमीटर ओलांडणं काही विशेष मानलं जात नाही. मग प्रश्न "३ लाख ३८ हजार झाले, आता इंजिनचं काम निघणारच" असा राहत नाही. हे इंजिन आत्ताच का झिजलं, खरोखर झिजलं का, आणि झिजलं असेल तर नेमकं कुठे, हे तीन प्रश्न आधी सोडवायला हवेत. झिजण्याचं कारण सापडलं नाही तर लाखो रुपये खर्चून बांधलेलं इंजिनही त्याच कारणाने पुन्हा झिजेल.

ऑइल नेमकं किती पिते

"खूप पिते" हे माप नाही. ऑइल आणि फिल्टर बदलून लेव्हल वरच्या खुणेला आणली, फिलरच्या झाकणावर रंगाची खूण केली आणि मालकांना सांगितलं, हजार किलोमीटर चालवा आणि मध्ये कुणालाही टॉप-अप करू देऊ नका. गाडी परत आल्यावर सपाट जागी, गरम इंजिन बंद करून थोडा वेळ थांबून, त्याच खुणेपर्यंत मापाच्या भांड्याने ऑइल भरलं. १.१ लिटर लागलं.

मर्सिडीजच्या मालक-पुस्तिकांत हजार किलोमीटरला ०.८ लिटरपर्यंतचा वापर चालण्यासारखा धरलेला असतो. लोकांना हा आकडा ऐकून धक्का बसतो, पण तो छापलेला आहे. म्हणजे ही गाडी हद्दीच्या बाहेर होती, पण हात टेकावेत इतकी नाही.

पुढचं काम, हे ऑइल जातं कुठे ते शोधणं. खाली ठिबकत नव्हतं. गिअरबॉक्सच्या बाजूच्या मेन सीलला नुसता ओलावा होता. इंटरकूलरकडे जाणारा पाइप काढला तर आत ऑइलचा थर. टर्बोचं, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचं, चाक बोटांनी हलवून पाहिलं, शाफ्टला आडवा खेळ हाताला जाणवेल इतका होता. त्यामुळे एक वाटा टर्बोच्या सीलमधून जात असल्याचं तिथेच स्पष्ट झालं. ही गोष्ट पैशापेक्षा धोक्याची आहे. टर्बोचं सील पूर्ण सुटलं तर डिझेल इंजिन स्वतःच्याच ऑइलवर पळायला लागतं आणि चावी बंद करूनही थांबत नाही. ज्याने एकदा असं पळालेलं इंजिन पाहिलंय तो टर्बोच्या ओल्या पाइपाकडे दुर्लक्ष करत नाही.

झाकण नाचतं म्हणजे इंजिन गेलं का

दोन्ही गॅरेजनी एकच परीक्षा केली होती. इंजिन चालू ठेवून ऑइल फिलरचं झाकण सैल केलं, ते हवेने नाचलं, वाफ आली, आणि "बॅक कॉम्प्रेशन मारतंय, रिंगा गेल्या" असा निकाल दिला. झाकण नाचणं ही खूण खोटी नाही, पण त्यामागे दोन वेगळी कारणं असतात. रिंगांच्या, म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्यांच्या, बाजूने जास्त वायू खाली येत असेल, किंवा येणारा वायू नेहमीइतकाच असून त्याला बाहेर जायची वाट तुंबलेली असेल. ही वाट म्हणजे ब्रीदर. या इंजिनात हेडच्या झाकणावर ऑइल वेगळं करणारा ब्रीदर बसतो, आणि तो तुंबला की क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या पोटात, दाब साठून ऑइल मिळेल त्या फटीतून बाहेर पडतं, टर्बोच्या सीलमधून तर हमखास.

आम्ही पारदर्शक नळी यू आकारात फळीवर बसवून तिच्यात रंगीत पाणी भरतो आणि तिचं एक टोक डिपस्टिकच्या नळीला हवाबंद जोडतो. आयडलिंगला पाणी दोन्ही बाजूंना जवळपास समपातळीत राहायला हवं, किंवा किंचित आत ओढलं जायला हवं. इथे ते बाहेरच्या बाजूला सहा सेंटीमीटरने चढलं. ब्रीदर बदलून पुन्हा लावलं तर अडीच सेंटीमीटर. उरलेले अडीच सेंटीमीटर हे रिंगांच्या बाजूने येणारा वायू जास्त असल्याचं दाखवत होते, म्हणजे झीज होती. पण झाकण नाचायचं अर्ध्याहून मोठं कारण एक तुंबलेला ब्रीदर होता, आणि तो बदलायला इंजिनचा एकही मोठा बोल्ट सोडावा लागत नाही.

कॉम्प्रेशन

कॉम्प्रेशन म्हणजे पिस्टन सिलिंडरमधल्या हवेवर किती दाब आणतो ते. कॉमन रेल डिझेलचं कॉम्प्रेशन हीटर प्लगच्या (थंड इंजिन स्टार्ट करायला सिलिंडर तापवणाऱ्या प्लगच्या) भोकातून मोजतात. या इंजिनावर ते करताना सगळ्यात मोठी भीती प्लग तुटण्याची. अडीच-तीन लाख किलोमीटर न हललेला प्लग कार्बनने भोकात चिकटून बसलेला असतो. थंड इंजिनावर पान्याने जोर लावला तर मान मोडते, आणि मग हेड न उतरवता प्लगचा तुकडा काढणं हे खास अवजारांचं वेगळंच काम होऊन बसतं. म्हणून आदल्या दिवशी प्लगच्या मुळाशी भेदक तेल सोडलं, दुसऱ्या दिवशी इंजिन पूर्ण गरम केलं, टॉर्क पान्यावर कमी मर्यादा लावली आणि प्लग थोडा सैल, पुन्हा घट्ट, पुन्हा सैल असं करत एकेक काढला. तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगने अडवलं. त्याला तसाच सोडून गाडी पुन्हा चालवून आणली, पुन्हा तेल सोडलं आणि दुसऱ्या गरम फेरीत तो सुटला. ज्या गॅरेजला यासाठी वेळ काढायची तयारी नाही त्याने कॉम्प्रेशनला हात न लावता स्टार्टर मोटरच्या करंटवरून तुलना करावी. त्यातून नेमका आकडा कळत नाही, पण कोणता सिलिंडर इतरांपेक्षा ढिला आहे ते दिसतं.

आकडे आले असे: पहिला २४.५ बार, दुसरा २४, तिसरा २१.५, चौथा २३.५. अशा डिझेलमध्ये निरोगी गरम इंजिन साधारण पंचवीस ते तीस बार दाखवतं. चारांतला फरक तीन बारच्या आत राहिला तर सिलिंडर एकमेकांशी जुळून आहेत असं मी मानतो, आणि अठराच्या खाली एकही गेला तर पुढची चर्चा इंजिन उघडण्याचीच करतो. इथे तिसरा मागे होता, तरी हद्दीत होता.

पेट्रोल इंजिनावर सिलिंडरमध्ये थोडं ऑइल टाकून कॉम्प्रेशन पुन्हा घ्यायची पद्धत आहे. डिझेलवर ती मी करत नाही. डिझेलची ज्वलनाची जागा इतकी लहान, की थोडंसं ऑइलही ती जागा भरून आकडा फुगवतं, आणि रिंगा वाईट आहेत की नाही यापेक्षा ऑइल किती टाकलं हेच त्यातून कळतं. त्याऐवजी प्रत्येक सिलिंडर वरच्या टोकाला आणून त्यात दाबाची हवा सोडली आणि ती कुठून निसटते ते कान लावून ऐकलं. सायलेन्सरमध्ये आवाज नाही, इनटेकमध्ये नाही, रेडिएटरच्या टाकीत बुडबुडे नाहीत. सगळी गळती ऑइल फिलरमधून, तिसऱ्याला इतरांपेक्षा थोडी जास्त. म्हणजे वॉल्व्ह आणि हेड गॅस्केट धड, झीज रिंगा आणि बोअरची.

त्याच भोकांतून बारीक कॅमेरा घातला. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरच्या भिंतीवर होनिंगच्या, म्हणजे ऑइल धरून ठेवायला पाडलेल्या, तिरक्या रेघा खालच्या भागात अजून दिसत होत्या, वरच्या भागात पुसून गुळगुळीत झाल्या होत्या. तिसऱ्यात काही उभ्या बारीक रेघा होत्या, पण खोल ओरखडा कुठेच नव्हता.

पॉलिशिंगसारखी ही झीज कशाची

वापरलेल्या ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला. दोन-तीन हजारांचं हे काम आपल्याकडे डंपर आणि जनरेटरवाले नेमाने करतात, मोटारवाले जवळपास कधीच नाही. अहवालात लोखंड जास्त, क्रोमियम थोडं जास्त, शिसं आणि तांबं कमी, सोडियम-पोटॅशियम नगण्य. आणि सिलिकॉन नेहमीच्या कितीतरी पट.

हे असं वाचायचं: शिसं आणि तांबं कमी म्हणजे क्रँकची बेअरिंग शाबूत. सोडियम-पोटॅशियम नाही म्हणजे कूलंट ऑइलमध्ये मिसळत नाही. लोखंड आणि क्रोमियम वर म्हणजे बोअर आणि रिंगा झिजतायत. आणि सिलिकॉन म्हणजे माती. सील लावायच्या पेस्टमुळेही सिलिकॉन चढतं, म्हणून नुसत्या त्या एका आकड्यावर विसंबायचं नाही. पण सिलिकॉन आणि लोखंड जोडीने वर गेले की इंजिन धूळ खातंय असं समजून हवेच्या वाटेवर शोध घ्यायचा.

एअर फिल्टरचा डबा उघडला. फिल्टर स्वस्तातला, कडेचं रबर मऊ आणि उंचीला कमी, त्यामुळे झाकण लागूनही कडेवर दाब येत नव्हता. झाकणाची मागची एक क्लिप तुटलेली, तिच्या जागी केबल टाय. फिल्टरच्या पुढच्या, म्हणजे स्वच्छ असायला हव्या त्या बाजूला डब्याच्या भिंतीवर क्लिपच्या जागेपासून थेट पाइपाच्या तोंडापर्यंत मुरमाच्या धुळीचा तांबूस पट्टा उमटलेला. पाइपात बोट फिरवलं तर टोकाला तांबडी भुकटी. मालकांना मी ते बोट दाखवलं. त्यांनी रस्त्याची कामं केलेली, ती माती कुठली हे त्यांना सांगावं लागलं नाही.

कारण तिथे सापडलं. काही वर्षं ही गाडी साइटवर, क्रशरच्या रस्त्यांवर रोज गेली होती आणि त्या काळात बोटभर फटीतून धूळ सरळ टर्बोत आणि पुढे सिलिंडरमध्ये जात होती. साइटसाठी मालकांनी नंतर वेगळी गाडी घेतली. ई-क्लास आता घरच्यांसाठी, वर्षाला सुमारे बारा हजार किलोमीटर.

आणखी एक गोष्ट हाती लागली. सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नोझलांपैकी तिसऱ्याचं रिटर्न (टाकीकडे परत जाणारं) डिझेल इतरांच्या दुप्पट येत होतं, आणि दुसऱ्या नोझलच्या बुडाशी डांबरासारखा काळा थर साचला होता. तांब्याचा वॉशर सुटला की ज्वलनाचा वायू तिथून वर येऊन असा थर जमतो. सीडीआय इंजिनांचा हा ओळखीचा आजार आहे. घाटातला गेलेला पिकअप आणि कमी झालेला ॲव्हरेज याचं बरंचसं उत्तर या दोन नोझलांत होतं. त्याचा बोअरशी काही संबंध नव्हता.

पर्याय मांडले ते असे

कंपनीकडून नवं इंजिन हा पर्याय चौकशीतच संपला; आकडा गाडीच्या बाजारभावाच्या कितीतरी पट होता.

जुनं इंजिन आणणं हा मला सगळ्यात नावडता पर्याय. कुर्ल्यात किंवा दिल्लीच्या मायापुरीत असं इंजिन मिळतं. पण ते किती चाललंय हे विकणारा सांगेल तेच खरं मानावं लागतं, आणि आपल्या इंजिनाची जी तपासणी आपण इतक्या कष्टाने केली ती त्या इंजिनाची करता येत नाही, कारण ते जमिनीवर पडलेलं असतं. २००६च्या आधीचं आणि नंतरचं इंजिन बाहेरून सारखं दिसतं, पण इंधनाची आणि टर्बोची मांडणी एक नाही. नोझलांचे कोड कंट्रोल युनिटमध्ये नव्याने भरावे लागतात. शिवाय कागद. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२नुसार इंजिन बदललं की आरटीओला कळवून आरसीवर नवा नंबर चढवून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी इंजिन रीतसर विकत घेतल्याची पावती लागते. बिनपावतीचं इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर गाडीमालक अडकतो. उद्या अपघात झाला आणि आरसीवरचा नंबर जुळला नाही तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी. जो मेकॅनिक "नंबरचं बघू नंतर" म्हणतो त्याच्याकडे हे काम देऊ नये.

तिसरा पर्याय, इंजिन बांधणं. सव्वातीन लाखांचं अंदाजपत्रक मी ओळ ओळ वाचलं. त्यात टर्बो नव्हता, नोझल नव्हते, चेन आणि तिचा टेन्शनर नव्हता, ऑइल पंप नव्हता, आणि हेडचे बोल्ट जुनेच वापरायचे होते. या इंजिनाचे हेडचे आणि कनेक्टिंग रॉडचे बोल्ट ताणून घट्ट करायचे असतात, ते ठरलेल्या लांबीपलीकडे वाढले असतील तर टाकूनच द्यायचे. मी माझं अंदाजपत्रक केलं: ब्लॉकला लायनर टाकून पुन्हा ८८ मिमीवर बोअरिंग आणि होनिंग, चार नवे पिस्टन रिंगांसकट, बेअरिंग, हेडचं काम, चेन, पंप, गॅस्केट, बोल्ट, टर्बो, चार नोझल, माउंटिंग, मजुरी. साडेपाच लाख. यापेक्षा कमीत कुणी हे काम प्रामाणिकपणे पुरं करेल असं मला वाटत नाही.

मधला एक मार्ग नेहमी सुचवला जातो, "हाफ इंजिन करा, नुसत्या रिंगा टाका." मी याच्या ठाम विरोधात आहे. झिजलेला बोअर गोल राहत नाही, किंचित लंबगोल होतो, आणि वरच्या भागात खालच्यापेक्षा रुंद होतो. त्यात नवी गोल रिंग घातली की ती सगळीकडून टेकत नाही. थोडे दिवस बरं वाटतं, मग धूर परत, आणि लाख-दीड लाख गेलेले असतात. बोअर डायल गेजने तीन उंचींवर, दोन दिशांनी मोजून मापात निघाला तरच नुसत्या रिंगांचा विचार करावा.

चौथा पर्याय, आहे तशी विकणं. दोन डीलरनी सव्वादोन लाख सांगितले. इंजिन बांधून विकली तर पावणेचार, फार तर चार. म्हणजे साडेपाच लाख घालून किंमत पावणेदोन लाखांनी वाढणार. मात्र एवढ्या एका गुणोत्तरावर निर्णय घ्यायलाही माझा विरोध आहे, कारण मालकांना गाडी विकायची नव्हती, वापरायची होती. सव्वादोन लाख हातात घेऊन त्यात आणखी पावणेसहा घालून मुलगा म्हणत होता तशी दुसरी भारी सेडान आणली, तर तिचा इतिहास कुणाला ठाऊक? या गाडीचं दुखणं तरी आता ओळखीचं होतं.

उरला पाचवा पर्याय: झिजण्याचं कारण बंद करायचं, ऑइल जायच्या बाकी वाटा बुजवायच्या, आणि झिजलेलं पण कामाचं इंजिन न उघडता चालवायचं.

हिशेब

मी मालकांसमोर कागदावर एवढंच लिहिलं. वर्षाला १२ हजार किलोमीटर, हजारला १.१ लिटर, म्हणजे काहीही दुरुस्त केलं नाही तरी वर्षाला १३ लिटर टॉप-अप. लिटरला आठशे धरले तर साडेदहा हजार रुपये. समोर साडेपाच लाख. नुसतं ऑइल वाचवायला इंजिन बांधायचं तर पन्नास वर्षांचं ऑइल एकदम विकत घेतल्यासारखं होतं.

अर्थात ऑइल जळणं म्हणजे फक्त ऑइलचा खर्च नाही. धूर होतो, पीयूसीची अडचण येते, ईजीआरमध्ये (जळलेला वायू पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या वॉल्व्हमध्ये) आणि इनटेकमध्ये काजळी साचते, आणि लेव्हल बघायला विसरलं तर बेअरिंग जातात. म्हणून "टॉप-अप करत रहा" हा सल्ला एकटा पुरेसा नव्हता.

दुसरी बाजू मुदतीची. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची; नोव्हेंबर २०२३मध्ये या गाडीचं पाच वर्षांसाठी नूतनीकरण झालं होतं, पर्यावरण कर भरून. म्हणजे नोव्हेंबर २०२८पर्यंत रस्ता मोकळा. तेव्हा गाडी वीस वर्षांची होईल, पुन्हा तपासणी, आणि वीस वर्षांवरच्या मोटारींची नूतनीकरण फी केंद्राने २०२५मध्ये पाच हजारांवरून दहा हजार केली आहे. फी हा मोठा खर्च नाही. पण निर्णय घ्यायचा तो याच चार वर्षांच्या, सुमारे पन्नास हजार किलोमीटरच्या टप्प्यासाठी, हे त्यातून ठरलं. साडेपाच लाखांचं इंजिन दोन-अडीच लाख किलोमीटरसाठी बांधलेलं असतं, आणि ही गाडी तेवढी चालणार नव्हती.

गाडीचं बाकीचं अंगही पाहिलं. पत्रा कोरडा, कुठेही गंज नाही. देशावरच्या गाड्यांचं हे भाग्य. पाच गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स नीट बदलत होता, फक्त त्याचं ऑइल कधीच बदललेलं नव्हतं. पुढच्या सस्पेन्शनचे बुश येत्या दोन वर्षांत मागणार. एसी थंड. म्हणजे इंजिनावर वाचलेले पैसे दुसरीकडे लगेच जाणार नव्हते. हेच जर गिअरबॉक्स झटके देत असता आणि एसीचा कॉम्प्रेसर बसलेला असता, तर मी मुलाच्या बाजूने उभा राहिलो असतो.

काय केलं, आणि पुढे काय झालं

एअर फिल्टरचा पूर्ण डबा नवा, मूळ मापाचा फिल्टर, टर्बोपर्यंतचा रबरी पाइप नवा. ब्रीदर नवा. टर्बोचा मधला भाग बदलला, इंटरकूलर उतरवून आतलं ऑइल धुतलं. हे न धुता नवा टर्बो बसवला तर धूर येतच राहतो आणि नवा टर्बो उगाच बदनाम होतो. तिसरा नोझल बदलून त्याचा कोड भरला, चारही नोझलना नवे तांब्याचे वॉशर आणि बोल्ट. चार नवे हीटर प्लग. गिअरबॉक्सचं ऑइल आणि फिल्टर. इंजिन ऑइल ५डब्ल्यू-४०, पण मर्सिडीजची २२९.५ मान्यता असलेलंच. धूर लपवायला २०डब्ल्यू-५०सारखं जाड ऑइल भरायचा उपाय या इंजिनाच्या वरच्या भागाला आणि टर्बोला घातक आहे. ऑइल बदलायचं अंतर ७,५०० किलोमीटर. एकूण बिल १ लाख ४८ हजार.

वॉल्व्हची सील मुद्दाम सोडली. सकाळच्या पहिल्या धुराचा थोडा वाटा त्यांचा असणार, पण ती बदलायला दोन्ही कॅमशाफ्ट काढून चेन हलवावी लागते. जुन्या चेनला हात लावला की ती आणि तिचे गाइडही बदलणं आलं. त्या कामाचा खर्च आणि मिळणारा फायदा जुळत नव्हता.

पहिल्या हजार किलोमीटरला ऑइल लागलं अर्धा लिटर. ७,५०० किलोमीटरनंतर दुसरा नमुना प्रयोगशाळेत गेला. सिलिकॉन नेहमीच्या पातळीला आलं होतं, लोखंड निम्म्याहून खाली. मला सगळ्यात जास्त समाधान या कागदाने दिलं, कारण धूळ बंद झाली आणि झीज मंदावली याचा हा पुरावा होता. नुसता धूर कमी दिसणं हा पुरावा नव्हे. ॲव्हरेज पुन्हा तेराच्या आसपास. सकाळचा निळा झोत येतो, पण काही सेकंदांत विरतो. पीयूसी अडचणीशिवाय मिळालं. वर्षाने कॉम्प्रेशन पुन्हा घेतलं, नव्या प्लगमुळे या वेळी सोपं गेलं: २४.५, २४, २१, २३.५.

तिसरा सिलिंडर अर्धा बार उतरला आहे, तेव्हा पुढे कुठे थांबायचं हेही लिहून ठेवलं आहे. तो कागद सर्व्हिसच्या फाइलला जोडलेला आहे आणि त्यावर मालकांची आणि त्यांच्या मुलाची दोघांचीही सही आहे. कोणताही सिलिंडर १८ बारच्या खाली गेला, किंवा ब्रीदर धड असूनही हजारला लिटरभर ऑइल लागायला लागलं, किंवा प्रयोगशाळेच्या अहवालात शिसं-तांबं चढलं, तर इंजिनावर आणखी एक रुपया न घालता गाडी विकायची. यातलं काहीच झालं नाही, तर नोव्हेंबर २०२८च्या नूतनीकरणाआधी हीच सगळी तपासणी पुन्हा करायची आणि तेव्हाच्या आकड्यांवर ठरवायचं. अण्णांना नवी गाडी बघायची वेळ आली तर सीटची उंची फूटपट्टीने मोजून घ्या, हे मी मुलाला वेगळं सांगून ठेवलं आहे.